पवनऊर्जा प्रकल्पाची वीजजोडणी : कोल्हापूर कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

जोडणीची तत्त्वतः मान्यता हाती आल्यामुळे आजपासून विद्युत कामाची स्वतंत्र नोंदवही सुरू केली. प्रकल्प ३७.८ मेगावॅटचा आहे. पन्हाळा आणि शाहूवाडी यांच्यामधल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, २.१ मेगावॅटच्या १८ पवनचक्क्या उभ्या राहतील. प्रत्येक चक्कीच्या पायथ्याशी ६९० व्होल्टचे ३३ केव्ही (किलोव्होल्ट) होईल, तीन फीडरमधून (प्रत्येकी सहा चक्क्यांच्या वाहिन्यांमधून) ही वीज पूलिंग उपकेंद्रात येईल, तेथे ५० एमव्हीए क्षमतेच्या रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) १३२ केव्ही होईल आणि २१ किलोमीटरच्या वाहिनीने महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीच्या उपकेंद्रात पोहोचेल.

आजची बैठक मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरच्या प्रश्नावर गेली. ही वीज स्वतः काम करत नाही, पण दाब (व्होल्टेज) सांभाळण्यासाठी लागते, आणि ती एमव्हीएआरमध्ये मोजतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड जोडणीविषयक २००७ च्या विनियमांत पवन व सौर प्रकल्पांसाठी नंतर जी भर घातली गेली, तिच्यानुसार ०.९५ लॅगपासून (ग्रिडला ही वीज देताना) ०.९५ लीडपर्यंत (ग्रिडकडून ती ओढून घेताना) पॉवर फॅक्टर, म्हणजे उपयोगी विजेचे एकूण विजेशी प्रमाण, देण्याची क्षमता असावी लागते आणि ती जोडणी बिंदूवर पाहिली जाते. चक्की पुरवणाऱ्याचे म्हणणे असे की, चक्की स्वतः ०.९५ देते, म्हणजे अट आपोआप पूर्ण होते. कागदावर हिशेब मांडला तेव्हा चित्र निराळे दिसले. पूर्ण उत्पादनावर ०.९५ साठी जोडणी बिंदूवर सुमारे १२.४ एमव्हीएआर लागतात आणि चक्क्यांकडून मिळतातही तेवढेच, परंतु ते चक्कीच्या टर्मिनलवर. वाटेत ५० एमव्हीए रोहित्र साडेबारा टक्के इंपिडन्स (अंतर्गत विरोध) धरला तर सुमारे ४ एमव्हीएआर खाते, चक्क्यांची १८ छोटी रोहित्रे मिळून सव्वादोन खातात आणि ३३ केव्हीचे जाळे उरलेसुरले अर्धा एमव्हीएआर घेते. १३२ केव्ही वाहिनी मात्र जेवढे खाते जवळपास तेवढेच स्वतः तयार करते, म्हणून तिची बाब सोडून दिली. एवढे सगळे वजा जाता पलीकडे पोहोचणारा पॉवर फॅक्टर ०.९९ च्या आसपास राहतो आणि अट पूर्ण होत नाही. ओढून घेण्याच्या बाजूने अडचण नाही, कारण तिथे हेच नुकसान आपल्या उपयोगी पडते.

३३ केव्ही बसवर १० एमव्हीएआर क्षमतेचा, दोन्ही दिशांना चालणारा, म्हणजे ही वीज देणारा आणि शोषणाराही, स्टॅटिक व्हार जनरेटर बसवावा, अशी शिफारस लेखी दिली. नुसती कपॅसिटर बँक स्वस्त पडली असती, परंतु वारा पडलेल्या रात्री १३२ केव्ही वाहिनी आणि ३३ केव्ही केबल मिळून एक ते सव्वा एमव्हीएआर उलट ग्रिडकडे ढकलतात आणि ते शोषण्याचे काम कपॅसिटरकडून होत नाही.

२ डिसेंबर २०२४

फीडरचा कंडक्टर (तार) डॉग या प्रमाणित आकाराऐवजी त्याहून जाड पँथर ठरला. एका फीडरवर सहा चक्क्यांचा प्रवाह सुमारे २३० अँपिअर येतो आणि तो डॉगलाही पेलतो. तथापि पूर्ण भारावर डॉगमध्ये किलोमीटरमागे सुमारे ४५ किलोवॅट उष्णतेत जातात आणि पँथरमध्ये त्याच्या निम्मे. वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या प्रकल्पात हा निर्णय तारेच्या दरावर घ्यायचा नसतो.

दुसरा विषय ३३ केव्हीच्या न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या मध्यबिंदूला जमिनीशी जोडण्याचा, होता आणि त्यावर मालक कंपनीच्या अभियंत्यांशी बरीच चर्चा झाली. चक्कीच्या रोहित्राची ३३ केव्ही बाजू डेल्टा आहे, म्हणजे तिला जमिनीशी जोडण्याजोगा मध्यबिंदू नाही, त्यामुळे संपूर्ण फीडरला अर्थचा आधार फक्त पूलिंग उपकेंद्रातील मोठ्या रोहित्राच्या स्टार बिंदूतून मिळतो. फीडरवर एक फेज जमिनीला टेकली की उपकेंद्रातला ब्रेकर उघडतो, हे योग्यच आहे. परंतु त्या क्षणी सहा चक्क्या फिरत असतात आणि त्यांचा फीडर अर्थपासून पूर्णपणे तुटलेला असतो. अशा वेळी चांगल्या राहिलेल्या दोन फेजवर जमिनीच्या तुलनेत १९ केव्हीऐवजी ३३ केव्ही येतात. लाइटनिंग अरेस्टर (जादा दाब जमिनीत सोडणारी उपकरणे) आणि केबलची टोके यांच्यावर हा ताण काही सायकल राहिला तरी त्यांचे आयुष्य कमी होते, आणि बिघाड त्या दिवशी न दिसता पुढच्या पावसाळ्यात दिसतो.

दोन उपाय एकत्र करावेत असे ठरले. फीडरचा ब्रेकर उघडताच फायबरवरून त्या फीडरच्या सर्व चक्क्यांना थांबण्याचा आदेश जाईल आणि ब्रेकरच्या वाहिनीकडील बाजूस प्रत्येक फीडरवर फीडरला अर्थचा आधार देणारे झिगझॅग अर्थिंग रोहित्र राहील. खर्चाचे कारण देऊन दुसरा उपाय गाळण्याचा आग्रह होता. फायबर तुटणे ही सड्यावर अगदी नित्याची गोष्ट असल्याने मी तो मान्य केला नाही. इतिवृत्तात दोन्ही बाजू नोंदवल्या असून अंतिम निर्णय अर्थिंग रोहित्राच्या बाजूने झाला आहे.

६ जानेवारी २०२५

वाहिनीचा मार्ग सड्यावरून उतरून कासारी खोऱ्यातील उसाच्या शिवारांतून जातो. यंदा निवडणुकीच्या धामधुमीत गळीत हंगाम १५ नोव्हेंबरनंतर सुरू झाला आणि त्यामुळे आमचे स्ट्रिंगिंगचे (टॉवरवर तारा ओढण्याचे) वेळापत्रक कारखान्यांच्या तोडणी कार्यक्रमाला बांधले गेले आहे. कागदोपत्री हा २७ मीटर रुंदीचा पट्टा आहे. प्रत्यक्षात तो गुंठ्यागुंठ्यांच्या तुकड्यांचा, सामायिक खात्यांचा आणि अर्धवट वारसनोंदींचा पट्टा आहे. एकाच टॉवरच्या चार पायांखाली तीन भावांच्या नावांचे सातबारे निघतात आणि तिघांची संमती तीन निरनिराळ्या दिवशी घ्यावी लागते.

मोबदल्याबाबत शेतकरी आमच्याहून अधिक माहिती ठेवून आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायथ्याच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवलेला आहे, हे आकडे आज गावच्या चावडीत आमच्या आधी त्यांनीच सांगितले. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खालील अधिकारांचा आधार प्रकल्पाकडे असला तरी त्या कलमाचा उच्चार पहिल्याच बैठकीत करणे म्हणजे पुढच्या सगळ्या बैठका बंद करून घेणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न पिकाच्या अवस्थेचा आहे. आडसाली उसाची तोड झाली आहे किंवा होत आली आहे, पूर्वहंगामी अजून उभा आहे, आणि ज्यांनी खोडवा ठेवला आहे त्यांच्या शेतात बुडखे छाटून पहिले पाणी देण्यापूर्वी जेमतेम आठवडाभर मोकळीक मिळते. एका वयस्कर शेतकऱ्याने फार नेमके सांगितले : “साहेब, तोड झाल्याबिगर शिवारात ट्रॅक्टर घालू नका, आन् पाणी दिल्यावर तर पायबी ठेवू नका.” त्यानुसार टॉवरच्या क्रमाऐवजी तोडीच्या क्रमाने काम करण्याचे नवे वेळापत्रक आखले. यामुळे ताणाचे टॉवर अर्धवट भारावर काही आठवडे उभे राहणार असल्याने त्यांना तात्पुरते गाय वायर (जमिनीत रोवलेल्या आधाराच्या तारा) देण्याची तरतूद केली.

२४ जानेवारी २०२५

कासारीच्या काठच्या टॉवरचे खड्डे खोदून झाले. काळी माती आणि वर आलेले पाणी पाहता ओल्या काळ्या मातीचा पाया घेतला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर चढले होते, याच्या खुणा गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींवर दाखवल्या. त्या पातळीच्या वर काँक्रीटची चिमणी (पायाचा खांब) नेऊन मगच स्टब अँगल (टॉवरच्या पायाचे पुरलेले लोखंड) उघडा राहील अशी उंची ठेवली.

११ फेब्रुवारी २०२५

सड्यावरील जमिनीचा रोध आज मोजला. हे मोजमाप ऑक्टोबरात केले असते तर आकडे सोयीचे आले असते, परंतु अर्थिंगचे डिझाइन कोरड्या जमिनीवर करायचे असते. वरच्या दीड-दोन मीटरात जांभा, त्याखाली कातळ. चार खिळे एका रेषेत ४ मीटर अंतरावर ठोकायचे, बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघांमधला दाब वाचायचा, ही वेनर पद्धत सोपी आहे. जांभ्यात खिळा रोवणे मात्र सोपे नाही. घण मारला की खिळा आत जाण्याऐवजी वाजतो. पहारीने आधी भोक पाडून, त्यात बारीक माती भरून, पाणी शिंपडल्यावर मीटरचा काटा स्थिर झाला. पाणी खिळ्याच्या बुडाशीच घालायचे, दोन खिळ्यांमधल्या जमिनीवर सांडू द्यायचे नाही, हे मजुरांना समजावून सांगावे लागले. नाहीतर मोजतो आहोत ते पाणीच.

एका चक्कीजवळ ५८ ओम आले. ४ मीटर अंतराच्या हिशेबाने जमिनीचा रोध सुमारे १४६० ओम-मीटर होतो. डिझाइनसाठी १५०० धरले. अशा जमिनीत ३ मीटरचा एकटा अर्थ पाइप सव्वाचारशे ओमच्या पुढे राहतो आणि चक्कीच्या पायाभोवतीचे २० मीटर व्यासाचे कडेसुद्धा ३७ ओमच्या खाली येत नाही. चक्की पुरवणाऱ्याची मागणी १० ओमची आहे. साइटवरील सूचना अशी होती की, प्रत्येक चक्कीजवळ आणखी आठ-दहा पाइप ठोकावेत आणि त्यांत मीठ-कोळसा भरावा. मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मात्र गंजत राहतो.

त्याऐवजी ३३ केव्ही केबलच्या चरातून जीआय पट्टी चक्कीपासून चक्कीपर्यंत सलग नेण्याचे ठरले. चर तर कसाही खोदायचाच आहे, कातळ फोडणाऱ्या ब्रेकर यंत्राचे भाडे त्यासाठीच चालू आहे. पट्टीच्या भोवती बेंटोनाइट आणि खाली आणलेली काळी माती भरली की तिचा जमिनीशी संपर्क टिकतो, आणि अनेक चक्क्यांची कडी एकत्र जोडली गेल्यामुळे एकूण रोध खाली येतो. आकाशातली वीज कोसळते तेव्हा मात्र दूरची कडी फारशी मदत करत नाहीत, कारण तेवढ्या वेगवान लाटेला लांब पट्टीचा इंडक्टन्सच आडवा येतो. म्हणून पायाजवळ चार दिशांना आडव्या पट्ट्यांच्या फांद्याही दिल्या. उपकेंद्राच्या यार्डात पायाखालच्या दाबाचा (बिघाडाच्या वेळी जमिनीवर उभ्या माणसाला बसू शकणाऱ्या व्होल्टेजचा) हिशेब स्वतंत्र केला आणि दीडशे मिलिमीटर खडीचा थर त्यातच गृहीत धरला आहे. ही खडी शोभेची नाही, तिच्यात माती मिसळू देऊ नये, असे स्थापत्य विभागाला कळवले.

५ मार्च २०२५

बहुतेक कारखान्यांचे गाळप आवरत आल्याने तोडी झपाट्याने उरकल्या आणि स्ट्रिंगिंगला अपेक्षेपेक्षा लवकर मोकळी शिवारे मिळाली. दुपारच्या उन्हात ढील, म्हणजे दोन टॉवरमधल्या तारेचा झोळ, मोजली. तापमान लिहिल्याशिवाय ढिलीचा आकडा नोंदवहीत स्वीकारणार नाही, हे ठेकेदाराला दुसऱ्यांदा सांगावे लागले. उसावरून जाणाऱ्या गाळ्यांत किमान ६.१ मीटरवर न थांबता अधिक उंची ठेवली आहे. पूर्ण वाढलेला ऊस आणि तोडीनंतर पेटवलेले पाचट, दोन्ही विचारात घ्यावे लागतात. धूर आणि ज्वाळांमुळे तारेखालच्या हवेची रोधनक्षमता घटते आणि वाहिनी ट्रिप होते. शेतकऱ्यांशी झालेल्या करारपत्रात पाचट न जाळता कुट्टी करण्याची विनंती घातली आहे. ती विनंतीच आहे, अट नव्हे.

३० मार्च २०२५

रोहित्र आले. वाटेतील नायट्रोजनचा दाब टिकून होता आणि धक्का नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर मर्यादेबाहेर काही नाही. आज पाडवा असूनही तेल गाळणीचे काम थांबवता आले नाही, कारण व्हॅक्यूम एकदा धरल्यावर मध्येच सोडता येत नाही. गाळलेल्या तेलाची बीडीव्ही, म्हणजे ज्या दाबाला तेलाचे रोधन तुटते तो दाब, ६० केव्हीच्या वर आली. वाइंडिंगचा रोध, रेशो, व्हेक्टर ग्रुप, टॅन डेल्टा (रोधनाची चाचणी) आणि एसएफआरए (आतली रचना हलली नसल्याची चाचणी) हे सर्व कारखान्यातल्या चाचण्यांशी जुळले.

१६ एप्रिल २०२५

जोतिबाच्या चैत्र यात्रेमुळे गेल्या आठवड्यात केबलचे ड्रम आणणारे ट्रेलर खालीच थांबवले होते. पौर्णिमेला त्या रस्त्यावर ट्रेलर घालण्याचा विचारही कोल्हापुरात कोणी करत नाही. ड्रम सोमवारी वर पोहोचले.

३३ केव्ही केबलची टोके बांधण्याचे काम सकाळी दहानंतरच सुरू करायचे, असा नियम केला आहे, कारण पहाटे सड्यावर धुके असते. काम पाहताना एका जॉइंटरचा (केबलची टोके बांधणाऱ्याचा) हात विशेष लक्षात राहिला. बाहेरचा काळा सेमीकॉन (अर्धवाहक) थर तो चाकूने पूर्ण कापत नाही. पाऊण जाडीपर्यंत रेघ मारतो, उरलेला थर बोटांनी सोलून काढतो आणि पांढऱ्या एक्सएलपीईवर (केबलच्या रोधक थरावर) राहिलेला काळा अंश काचेच्या तुकड्याने खरवडून, बारीक पॉलिश पेपर मारून, सेमीकॉनकडून नव्हे तर एक्सएलपीईकडून सेमीकॉनच्या दिशेने एकदाच पुसतो. पुसलेले कापड पुन्हा वापरत नाही. चाकूचा एक ओरखडाही एक्सएलपीईवर उरला तर तिथे हवेची बारीक पोकळी राहते आणि तेथूनच आतल्या आत डिस्चार्ज सुरू होतो. उद्यमनगरातून घडवून आणलेले केबल क्लॅम्प मात्र परत पाठवले. एका फेजच्या केबलभोवती लोखंडी बंद कडे बसवले तर ते प्रवाहाने तापते. ॲल्युमिनियमचे मागवले आहेत.

तयार झालेल्या केबलवर व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या दाबाची) चाचणी घेतली. ०.१ हर्ट्झवर ५७ केव्ही, १५ मिनिटे. पहिल्या फीडरच्या सर्व केबल चाचणीत उत्तीर्ण झाल्या.

२९ एप्रिल २०२५

रिलेच्या (बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणांच्या) सेटिंगवर आजचा दिवस गेला. १३२ केव्ही वाहिनीला ओपीजीडब्ल्यूमधल्या (टॉवरच्या माथ्यावरील अर्थ वायरमधल्या) फायबरवरून चालणारे डिफरन्शियल (दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करणारे) संरक्षण मुख्य आणि डिस्टन्स (दाब व प्रवाहावरून बिघाडाचे अंतर काढणारे) पूरक ठेवले आहे. चक्कीच्या कन्व्हर्टरमधून बिघाडाच्या वेळी नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच अधिक प्रवाह बाहेर पडतो, त्यामुळे आमच्या टोकाच्या डिस्टन्स रिलेवर एकटे विसंबणे योग्य नव्हते.

अंडरव्होल्टेज (दाब घटताच चालणाऱ्या) रिलेचा मुद्दा मात्र सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे. सेटिंग करणारे तंत्रज्ञ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत तयार झालेले आहेत. तिथे दाब पडला की मोटारी वाचवण्यासाठी ताबडतोब ट्रिप करायचे असते आणि ते तिथे बरोबरच आहे. इथे नेमके उलटे आहे. ग्रिडवर बिघाड होऊन दाब १५ टक्क्यांपर्यंत कोसळला तरी ३०० मिलिसेकंद पवनचक्कीने जोडलेले राहायचे, आणि ३ सेकंदांत दाब ८५ टक्क्यांपर्यंत सावरतो तोवर टिकायचे, असा विनियम आहे. चक्की ही चाचणी प्रमाणपत्रासह पास झालेली असते, परंतु उपकेंद्रातल्या एखाद्या रिलेने ३३ केव्हीचा ब्रेकर आधीच उघडला तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? म्हणून उपकेंद्र, फीडर, चक्कीचे रोहित्र आणि चक्कीतला स्वतःचा नियंत्रक या चारही ठिकाणची अंडरव्होल्टेज सेटिंग एकाच आलेखावर काढली. रोहित्राच्या सहायक पुरवठ्यावरचे कॉन्टॅक्टरही तपासले. दाब पडताच तेच सुटले आणि कूलिंग किंवा पिच मोटार बंद पडली तरी परिणाम तोच होतो. दोन ठिकाणी सेटिंग बदलून घेतली.

१७ मे २०२५

विद्युत निरीक्षकांची परवानगी मिळाली. मुख्य आणि चेक असे ०.२एस वर्गाचे मीटर संयुक्तपणे सील झाले. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे डेटा पोहोचत असल्याची खात्री झाल्यावर पलीकडच्या टोकाकडून वाहिनी चार्ज केली व २४ तास विनाभार ठेवली. नंतर रोहित्र चार्ज केले. चार्ज करतानाच्या क्षणिक मोठ्या (इनरश) प्रवाहाने डिफरन्शियल रिले हलला नाही, असा प्रवाह ओळखून रिलेला रोखणारा दुसऱ्या हार्मोनिकचा अडसर व्यवस्थित चालला.

२६ मे २०२५

मोसमी पाऊस ७ जूनच्या आसपास धरून आखलेले वेळापत्रक कोलमडले. केरळात तो २४ मेलाच आला, आज मुंबईतही पोहोचला आणि इथे त्याआधीपासूनच वळवाने झोडपले आहे. तिसऱ्या फीडरच्या चक्क्या उभारणारी क्रेन चिखलात अडकली असून ती बाहेर निघेपर्यंत त्या बाजूचे काम बंद राहील. पहिले दोन फीडर चार्ज असल्याने त्यांचे अर्थिंग जोडलेलेच होते आणि गेल्या आठवड्यातल्या विजांच्या पावसात अरेस्टरवरील, विजेचे तडाखे मोजणाऱ्या काउंटरशिवाय काही हलले नाही.

तिसऱ्या फीडरच्या केबलची टोके बांधायची राहिली आहेत. तंबू आणि हीटर लावून बांधावीत असा प्रस्ताव आला. हवेतील आर्द्रता पाहून मी तो फेटाळला. सहा चक्क्या महिनाभर उशिरा फिरल्या तरी चालेल.

१२ जून २०२५

दोन फीडरवरच्या चक्क्या आता रात्रंदिवस फिरत आहेत. वाऱ्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पादन यांचा मेळ १५ मिनिटांच्या प्रत्येक टप्प्यावर घातला जातो आणि फरकाचे पैसे राज्य विद्युत नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार मोजले जातात, त्यामुळे एखादा फीडर देखभालीसाठी बंद करायचा असल्यास अंदाज पाठवणाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवावे, अशी सूचना पाळीच्या अभियंत्यांना लेखी दिली.

स्टॅटिक व्हार जनरेटरची नोंद मागवून पाहिली. पहाटे वारा पडला असताना तो सव्वा एमव्हीएआरच्या आसपास ओढत होता आणि दुपारी देत होता. सध्या तो पॉवर फॅक्टरच्या मोडवर आहे. महापारेषणच्या बाजूने दाब नियंत्रणाचा मोड हवा असल्यास नियंत्रकाचा स्लोप (दाब किती बदलल्यास किती एमव्हीएआर द्यायचे ते प्रमाण) किती ठेवायचा, यावर पुढील आठवड्यात संयुक्त बैठक आहे. हार्मोनिकची (विजेच्या लहरीतील विकृतीची) मापने पूर्ण भारावर घ्यायची असल्यामुळे ॲनलायझर १३२ केव्हीच्या सीटी-पीटीवर (प्रवाह व दाब मोजणाऱ्या रोहित्रांवर) तसाच जोडून ठेवला आहे. तिसरा फीडर आल्यावर किमान आठवडाभराची सलग नोंद घेऊन अहवाल पाठवावा.